उजेडाची वाटणी

काचेच्या कचेऱ्यांना आता ‘हरित इमारत’ म्हणून प्रशस्तिपत्रे मिळतात. 2004 साली उद्घाटन झालेले हैदराबादचे सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्र हे ‘लीड’ची प्लॅटिनम श्रेणी मिळविणारे भारतातील पहिले. पुढे पुण्यात हडपसरचे सुझलॉनचे संकुल त्याच श्रेणीत गेले. दोन काचांमध्ये हवा कोंडून, काचेवर उष्णता परतविणारा लेप देऊन उजेड आत घ्यावयाचा आणि ताप बाहेर ठेवावयाचा, हे तंत्र उपयुक्तच आहे. समाजवाद्यांनी विज्ञानाशी भांडण्याचे कारण नाही. प्रश्न वाटणीचा आहे.

‘लीड’च्या 2009 च्या नियमावलीत नियमित वापराच्या 75 टक्के जागेत दिवसाचा उजेड यावा व 90 टक्के जागेतून बाहेरचे दृश्य दिसावे, यासाठी गुण होते. मात्र मार्गिका, भांडारे आणि प्रसाधनगृहे या हिशेबात धरली जात नाहीत. सफाई कामगाराचा दिवस तर तेथेच सरतो! जी जागा त्याची कर्मभूमी, ती मोजणाऱ्याच्या लेखी रिकामी.

वस्तुतः उजेड ही चैन नव्हे, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाने मान्य केले होते. त्याच्या 17 व्या कलमाने पुरेसा प्रकाश बंधनकारक केला, एवढेच नव्हे तर उजेडाच्या खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवण्याचीही सक्ती केली. जो कायद्याने दिलेला हक्क होता, तो आज मालकाच्या कीर्तीचा अलंकार झाला आहे.

आणि घरांचे काय? हिंगोली जिल्ह्यात पूर्णेवरील सिद्धेश्वर धरणाच्या काठी उजेडाला तोटा नाही; तोटा आहे तो कामाचा. अशा गावांतून पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या मजुराच्या वाट्याला कोणते घर येते? गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटरचे अंतर आहे. तेथील क्षयरोगाचा उजेड-हवेच्या अभावाशी असलेला संबंध ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासाने 2018 साली पुढे आणला. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या माणसाला दिवसाही दिवा लावावा लागत असेल, तर त्याला पुनर्वसन कसे म्हणावे?

तेव्हा मागणी सरळ आहे. मानांकनात सफाई कामगार व पहारेकरी यांच्या जागा मोजल्या जाव्यात, आणि तळमजल्याच्या खोलीत ऊन पोहोचेल एवढे अंतर राखल्याशिवाय कोणत्याही पुनर्वसन इमारतीस परवानगी मिळू नये. वस्त्यावस्त्यांतील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न हाती घ्यावा. सूर्य कोणाच्या मालकीचा नाही. त्याच्या आड येणाऱ्या भिंती मात्र कोणाच्या तरी नफ्यासाठीच उभ्या राहतात.