आश्चर्यांची यादी आणि आपले अंगण

२००७ या वर्षाने भारतीयांना मतदानाचा एक आगळा प्रकार दाखविला. बर्नार्ड वेबर या स्विस गृहस्थाने २००० साली आरंभिलेल्या मोहिमेत जगातील ‘नवी सात आश्चर्ये’ लोकमताने निवडावयाची होती. ताजमहालाला मत द्या, असे आवाहन वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि मोबाईल कंपन्या यांनी एकमुखाने केले. शाळकरी मुलांपासून निवृत्तांपर्यंत असंख्यांनी एसएमएस धाडले. ७ जुलै रोजी लिस्बन येथे निकाल घोषित झाला आणि चीनची भिंत, पेट्रा, माचू पिचू, चिचेन इत्झा, कोलोसियम व रिओचा ख्रिस्तपुतळा यांच्या पंक्तीत ताजमहाल बसला. देशाने आनंद साजरा केला. कोणत्याही भारतीय वास्तूचा गौरव झाल्यास आनंद होणे स्वाभाविकच होते.

परंतु त्याच वर्षी, त्या निकालाच्या पाच महिन्यांहून अधिक काळ आधी, वऱ्हाडात एक घटना घडली होती. तिची दखल घेण्यास कोणालाही एसएमएस करावासा वाटला नाही. २७ जानेवारी २००७ रोजी अमरावतीचे निसर्ग अभ्यासक विजय इंगोले आणि त्यांचे सहकारी मोर्शीच्या उत्तरेला धारूळ गावापलीकडच्या सातपुड्याच्या डोंगरांत हिंडत असताना त्यांना चित्रांनी भरलेल्या शैलगुहा आढळल्या. पुढील काही वर्षांच्या पायपिटीत अशा शंभराहून अधिक गुहांची नोंद झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनीही या टेकड्यांतील चित्रांची पाहणी केली. जवळच्या अंबादेवीच्या स्थानावरून या समूहाला अंबादेवी शैलाश्रय हे नाव मिळाले. येथील मानवी वावर सुमारे २५ हजार वर्षे मागे जातो, असे अभ्यासक मानतात. खडकावर रंगविलेल्या आणि कोरलेल्या पशूंच्या व माणसांच्या त्या चित्रांपैकी सर्वांत जुनी चित्रे काढणाऱ्या हातांना ना लिपी ठाऊक होती, ना धातू, ना शेती.

एकाच वर्षातील या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर आपल्या समाजमनाविषयी बरेच काही उमगते. जे दूर आहे आणि ज्याच्यावर जगाने शिक्का मारला आहे, ते आपल्याला आश्चर्य वाटते. जे तालुक्याच्या वेशीवर आहे, ते ‘डोंगरातले काहीतरी’ ठरते.

वास्तविक आश्चर्यांच्या याद्यांचा इतिहासच त्यांच्या मर्यादा सांगतो. प्राचीन सात आश्चर्यांची यादी ग्रीकांनी केली, म्हणून ती भूमध्य सागराच्या पूर्व किनाऱ्याभोवतीच घोटाळत राहिली. अलेक्झांडर सिंधूपर्यंत येऊन गेला, मेगॅस्थेनिस पाटलिपुत्रात राहून गेला, तरी त्या यादीत सिंधूच्या अलीकडचे काहीही नाही. त्या सातांपैकी आज गिझाचा पिरॅमिड तेवढा उभा आहे. बाबिलोनच्या झुलत्या बागा खरोखर होत्या काय, यावरही विद्वानांचे एकमत नाही. यादीत काय आहे, यापेक्षा यादी करणाऱ्याची नजर कोठवर पोहोचली होती, हेच अशा यादीवरून कळते. २००७ ची यादीही याला अपवाद नव्हती. एकाच व्यक्तीला अनेकदा मत देता येत असल्याने मोठ्या लोकसंख्येचे आणि प्रचारात आघाडीवर असणारे देश सरस ठरले. युनेस्कोने या मोहिमेशी आपला काडीचाही संबंध नसल्याचे जाहीर केले आणि अशा मतदानातून वास्तूंच्या जतनाला टिकाऊ हातभार लागू शकत नाही, हेही स्पष्ट केले.

मग आश्चर्य ओळखायचे कसे? त्याचे उत्तर विष्णु श्रीधर वाकणकर यांच्या चरित्रात आहे. १९५७ साली रेल्वेने भोपाळकडे जाताना खिडकीतून दिसलेल्या खडकांच्या आकारांनी त्यांचे लक्ष वेधले. ते त्या टेकड्यांकडे गेले आणि भीमबेटकाची चित्रसृष्टी जगासमोर आली. खेड्यापाड्यांतून पायी हिंडणारे, झोळीत कागद व रंग बाळगणारे हे संशोधक स्वयंसेवक होते आणि पुढे संस्कार भारतीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. भीमबेटकाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये, वाकणकरांच्या निधनानंतर तब्बल १५ वर्षांनी. मान्यतेची वाट पाहत ते बसले नाहीत. त्यांनी काम केले, मान्यता मागून चालत आली. कोकणात सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सड्यासड्यांवर हिंडून कातळशिल्पे शोधली, तेव्हा त्यांच्यापाठीही कोणताही जागतिक शिक्का नव्हता. २०२२ मध्ये ती शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत दाखल झाली. २०२५ मध्ये शिवछत्रपतींच्या पराक्रमाचे साक्षीदार असलेल्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यामागेही गडकोट झाडणाऱ्या, टाकी उपसणाऱ्या पिढ्यान्पिढ्यांच्या दुर्गप्रेमींचे श्रम आहेत.

मोर्शी तालुक्याकडे या दृष्टीने पाहिले, तर थक्क व्हावे अशीच स्थिती आहे. संत्र्यांच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात रिद्धपूर आहे, जेथे गोविंदप्रभूंचे वास्तव्य होते आणि जेथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. त्याच रिद्धपुरात आज मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. दोन राज्यांच्या सीमेवर सालबर्डी आहे. तेथील गुहेतल्या महादेवाच्या दर्शनाला महाशिवरात्रीस वऱ्हाडातून आणि पलीकडच्या बैतूलमधून भाविकांची रीघ लागते. सिंभोऱ्याजवळ वर्धा नदी अडवून बांधलेले १३ दरवाजांचे अप्पर वर्धा धरण अमरावतीची तहान भागविते. मात्र त्या जलाशयाखाली ज्यांची गावे गेली, त्यांतील कित्येकांना न्यायासाठी २०२३ मध्ये थेट मंत्रालयापर्यंत धडक द्यावी लागली, हेही विसरता कामा नये. मानवनिर्मित आश्चर्याचे मोल कोणी चुकते केले, याचा हिशेब ठेवणे ही सुसंस्कृत समाजाची खूण आहे.

अंबादेवीच्या चित्रांपुढील संकट निराळे आहे. शैलचित्र हजारो वर्षे टिकते आणि एका दुपारी नष्ट होऊ शकते. गुहेत पेटविलेल्या चुलीची काजळी, चित्रावरून फिरविलेला तेलकट हात, छायाचित्र ठळक यावे म्हणून मारलेले पाणी, खडूने गिरवलेली रेघ आणि सर्वांत लज्जास्पद म्हणजे दगडावर कोरलेली स्वतःची नावे, ही सर्व कृत्ये करणारा कोणी परकीय आक्रमक नसतो. तो सहलीला आलेला आपलाच बांधव असतो. मूर्तिभंजकांविषयी संतापाने बोलणाऱ्या समाजाने या भंजनाविषयी मौन पाळावे, हे शोभणारे नाही.

त्यात सीमेचा प्रश्न आहे. गुहा मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात, वाट महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातून. चित्रे काढणाऱ्यांना ही सीमा ठाऊक नव्हती. कागदपत्रांना मात्र ती चांगलीच ठाऊक असते. दोन्ही राज्यांची वन व पुरातत्त्व खाती एकत्र बसली, धारूळ परिसरातील तरुणांना मार्गदर्शक व रक्षक म्हणून प्रशिक्षण मिळाले आणि पर्यटकांच्या संख्येला मर्यादा घातली, तर ठेवा टिकेल आणि गावाला रोजगारही मिळेल. आधी प्रसिद्धी आणि मग संरक्षण, हा क्रम ठेवल्यास हाती काजळी तेवढी उरेल.

आणखी एक पथ्य आवश्यक आहे. ‘आमचे सर्वांत प्राचीन, आमचे सर्वश्रेष्ठ’ अशा घोषणांनी काम भागत नाही. खडकावरील रंगाचे वय ठरविणे हे अवघड शास्त्र आहे आणि त्यासाठी चिकाटीचे संशोधन लागते. अभिमान पुराव्यावर उभा असेल, तर कोणी तो हलवू शकत नाही. अतिशयोक्तीवर उभा असेल, तर पहिल्याच प्रश्नाला तो कोसळतो. वाकणकरांचे मोठेपण त्यांनी केलेल्या काटेकोर नोंदींत होते, याचे स्मरण प्रत्येक इतिहासप्रेमी कार्यकर्त्याने ठेवले पाहिजे.

या हिवाळ्यात वऱ्हाडातील शाळांच्या सहली निघतील. त्यांतील एखादी तरी जाणत्या अभ्यासकासह रिद्धपूर आणि सालबर्डीकडे वळावी, मुलांनी चित्रांना हात न लावता पाहण्याचा संस्कार घेऊन परतावे आणि घरी येऊन आईवडिलांना ते सांगावे. सातांची यादी कोण करील आणि त्यात कोणाचे नाव येईल, हे जगाच्या मर्जीवर राहू द्यावे. हजारो वर्षांपूर्वी सातपुड्याच्या कुशीत कोणीतरी रंग लावून जो निरोप ठेवला, तो पुढच्या पिढीला जसाच्या तसा पोहोचविण्याचे दायित्व मात्र आपले आहे.