थंड हवा आणि मोकळी संध्याकाळ

साप्ताहिक सदर : हवापालट

चैत्र सरून वैशाखाचा अंमल बसला, की मुकुंदवाडीतील माणसाचे लक्ष दोनच गोष्टींवर खिळून राहते : चिकलठाण्याच्या वेधशाळेतील पारा आज चाळिशीच्या किती वर गेला, आणि कित्येक दिवसांआड येणारे नळाचे पाणी आपल्या गल्लीत नेमके कोणत्या वारी व कोणत्या प्रहरी अवतरणार. जालना रस्त्यावर कूलरला नव्या गवताच्या जाळ्या बसवून घेणाऱ्यांची रीघ लागते, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि ज्यांच्या गाठीस थोडी रजा व थोडा पैसा असतो त्यांच्या घरी हवापालटाच्या गोष्टी निघू लागतात. या गोष्टींचा शेवट बहुधा ठरलेला असतो. घरातील कर्ता पुरुष मोटार ठरवितो, मुलेबाळे आणि सामान तीत भरतो आणि सारा परिवार महाबळेश्वरी रवाना होतो. यंदा मात्र आमच्या आळीतील एका घरातून मजपुढे निराळाच प्रश्न आला आणि तो आला तेव्हापासून, थंड हवेच्या ठिकाणांची पारख आपण आजवर कोणाच्या नजरेने करीत आलो, या विचाराने माझा पिच्छा सोडलेला नाही.

प्रश्न विचारणाऱ्या दोघी नणंद-भावजय. नणंद निवृत्त शिक्षिका, साठी ओलांडलेली, सारी आळी तिला अक्का म्हणते. भावजय चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबनीस. जात्यावरच्या ओव्यांनी ज्या नात्याच्या पदरी कुरबुरीखेरीज फारसे काही बांधले नाही, त्या नात्यातील या दोघींनी चार दिवस एकमेकींच्याच सोबतीने थंड जागी काढण्याचा बेत केला होता. "काका, थंड हवेचं गाव सांगा," भावजय म्हणाली, "पण आम्ही दोघीच जाणार आहोत, बरं का." या वाक्याच्या पूर्वार्धाला उत्तर देणारी पुस्तके बाजारात ढिगाने मिळतात, उत्तरार्धाकडे मात्र त्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेलेसुद्धा नसते.

त्याचे कारण या ठिकाणांच्या जन्मकथेत दडलेले आहे. हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ साली चिखलदरा हेरला. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यात १८२९ साली झालेल्या तहनाम्याने खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरचा माळ कंपनी सरकारकडे गेला आणि तेथे माल्कमपेठ वसली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानचा डोंगर चढले. लष्करी वा मुलकी अंमलदारांनी समुद्रसपाटीपासूनची उंची, पाण्याची सोय आणि छावणीपासूनचे अंतर एवढ्याच गोष्टींची रुजुवात करून ही स्थळे मुक्रर केली. पुढे त्यांच्या मागोमाग स्त्रियाही तेथे आल्या, परंतु त्या आल्या पालखी, खानसामा आणि शिपायांच्या लवाजम्यासह. त्यांच्या येण्याजाण्याची तजवीज दुसऱ्या कोणीतरी केलेली असे. साहेब गेला, लवाजमा गेला, पण स्थळाची योग्यता उष्णतामापकावर ठरविण्याची रीत मात्र दप्तरात तशीच राहिली.

त्या रीतीला मान देऊन आपण प्रथम आकडेच मांडू. हवा दर हजार मीटर उंचीमागे सरासरीने साडेसहा अंशांनी थंड होत जाते, असा शास्त्राचा स्थूल नियम आहे. आपले शहरच मुळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटरांवर वसलेले असल्याने, डोंगराच्या उंचीतून एवढी वजाबाकी केल्याशिवाय आपल्या पदरी काय पडणार हे कळत नाही. खुलताबादच्या पलीकडचे, शहरापासून चाळीसेक किलोमीटरांवरचे म्हैसमाळ १०६७ मीटर उंच. म्हणजे तीन अंशांची बचत. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर. बचत पाच अंशांची. आणि माथेरान? ते तर कसेबसे ८०० मीटर. नेरळचा घाट चढून, तांबड्या धुळीने पाय माखून, माकडांपासून पिशव्या सांभाळत तेथवर पोहोचणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला त्या उंचीतून दीड अंशाहून अधिक लाभ नाही. या हिशेबाने पाहता घराजवळचे म्हैसमाळ सोडून माथेरानला जाणे हा निव्वळ अव्यवहार ठरतो.

परंतु हा हिशेब निम्मा आहे. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर वसलेल्या महाबळेश्वराला आणि माथेरानला एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा लाभतो. म्हैसमाळ वा सातपुड्यातील चिखलदरा पडले देशाच्या अंतर्भागात, त्यांच्यावरून वाहणारा वारा तापलेल्या काळ्या मातीवरूनच आलेला असतो. दुसरी गोष्ट सावलीची. माथेरानच्या माथ्यावर दाट झाडी आहे आणि तिच्याखालून भर दुपारी चालता येते; म्हैसमाळचे वैभव पावसाळ्यातले, वैशाखात तेथील गवत करपून गेलेले असते आणि झाडांचा आडोसा विरळ. असे असूनही, महाराष्ट्रातील एकाही डोंगरावर मे महिन्याची दुपार खऱ्या अर्थाने शीतल नसते, हे सांगितलेच पाहिजे. महाबळेश्वरी पारा तिशीच्या आसपास असतो, माथेरानला त्याहून थोडा वर, आणि तेथे हवेत दमटपणाही असतो. जी थंडी पैसे मोजून आपण विकत घेतो ती सूर्य कलल्यानंतरची आणि उगवण्यापूर्वीची.

नेमक्या याच मुद्द्यावर अक्कांनी मला अडविले. मी उंचीचे आकडे वाचून दाखवीत असता त्या शांतपणे म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे हो, पण सहा वाजल्यानंतर तिथे आम्ही काय करायचं?" मी गप्प झालो; कारण या एका प्रश्नाने सगळ्या आकड्यांचा क्रम पालटून जातो. थंडी जर संध्याकाळीच पडत असेल आणि दिवेलागणीनंतर दोघी बायकांना खोलीचे दार लावून आतच बसावे लागत असेल, तर ज्या जिनसेची किंमत त्यांनी चुकती केली ती त्यांच्या हाती आलीच नाही. बंद खोलीतली हवा त्यांना मुकुंदवाडीत कूलरपुढेही मिळाली असती. पुरुषाला हा प्रश्न पडत नाही, कारण रात्री नऊ वाजता पान खायला बाहेर पडताना त्याला कोणाला विचारावे लागत नाही. म्हणून माझ्या मते, दोघींनी ठिकाण निवडताना उष्णतामापक दुय्यम मानून आधी त्या गावाची संध्याकाळ तपासावी : मुक्कामाची जागा बाजारपेठेपासून पायी पोहोचण्याजोगी आहे काय, मधल्या वाटेवर दिवे आहेत काय, त्या वेळी रस्त्यावर इतर बायकामुले हिंडताना दिसतात काय, आणि प्रत्येक हालचालीसाठी परक्या माणसाची गाडी ठरवावी लागते काय.

या कसोटीला लावून पाहिले असता ओळखीची नावे निराळ्याच क्रमाने उभी राहतात. म्हैसमाळी गिरिजामातेचे दर्शन घ्यावे, कड्यावर वारा खावा, परतताना वेरूळ करावे आणि उजेडात घरी यावे. मुक्कामाचा विचार तेथे मनात येत नाही, कारण उन्हाळ्यात आलेली मंडळी बहुधा सूर्यास्ताबरोबर माघारी वळतात आणि मागे राहणाऱ्याला सोबत म्हणून फारसे कोणी उरत नाही. चिखलदऱ्याचे कॉफीचे मळे आणि गाविलगडाचे अवशेष मनोहर खरेच, परंतु ते मेळघाटच्या अरण्यात विखुरलेले आहेत. तेथे वाहनावाचून पाऊल टाकता येत नाही आणि अंधार पडल्यावर अरण्याची हुकमत सुरू होते. महाबळेश्वराचे दुखणे याच्या उलट. तेथे माणसांचा दुष्काळ नाही, मोटारींचा सुकाळ आहे. प्रेक्षणीय टोके मैलोगणती अंतरावर असल्याने दिवस टॅक्सीवाल्याच्या मर्जीने चालतो. मात्र मुक्काम पेठेच्या आतच घेतला, तर रात्री उशिरापर्यंत गजबजलेल्या बाजारातून दोघींना निर्वेध फिरता येते, एवढे त्याच्या पदरात टाकले पाहिजे.

राहिले माथेरान. उंचीच्या हिशेबात सर्वांत मागे असलेले हे गाव संध्याकाळच्या हिशेबात सर्वांच्या पुढे जाते. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर येथे मोटारींना मज्जाव आहे; त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे पायी, घोड्यावर वा अलीकडे सुरू झालेल्या थोड्या ई-रिक्षांतून जावे लागते. १९०७ साली धावू लागलेली नेरळची छोटी गाडीही आहेच. मोटार नाही याचा परिणाम केवळ धूर नाही एवढाच होत नाही. गावाचा एकच मोठा रस्ता आणि तोही सर्वांचा पायी चालण्याचा. त्यावर संध्याकाळी चिक्कीची दुकाने उघडी असतात, आज्या, नाती, नवपरिणीत जोडपी, घोडेवाले, हमाल अशी सारी सृष्टी एकाच गतीने चाललेली असते. अंगावरून वेगाने जाणारी गाडी नाही, काच खाली करून डोकावणारा चेहरा नाही, आणि कोणाच्या भाड्याची घासाघीस केल्याशिवाय बाजारातून खोलीपर्यंत परतता येते. टोकांवर मात्र अंधारापूर्वीच जाऊन यावे. झाडीतल्या आडवाटांना दिवे नसतात.

यावर कोणी आक्षेप घेईल, की १९८४ साली बचेंद्री पाल एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचल्या, आणि तुम्ही अजून दोन बायकांनी अंधार पडण्यापूर्वी परतावे की नाही याची चर्चा करता! आक्षेप रास्त वाटतो, परंतु त्याचा रोख चुकला आहे. धैर्याची परीक्षा देण्यासाठी कोणी हवापालटास जात नाही. वर्षभर घर आणि कचेरी यांच्यात ज्यांनी क्षणाक्षणाचा ताळेबंद सांभाळला, त्यांना चार दिवस कशाचाच बंदोबस्त करावा लागू नये, हीच तर या प्रवासाची फलश्रुती.

आपल्या आज्या-पणज्यांना हे मर्म ठाऊक होते, फक्त त्यांना त्यासाठी देवाचे निमित्त करावे लागे. घरातून मोकळे होण्याची परवानगी त्यांना पंढरीच्या वारीने दिली, काशीयात्रेने दिली, जत्रांनी दिली. ते निमित्त आजही टाकाऊ झालेले नाही. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडावर ऐन उन्हाळ्यात, चैत्री पौर्णिमेच्या सुमारास, मोठी यात्रा भरते. ती गर्दी ओसरल्यावर दोन दिवस गडावर राहिले, तर एसटी थेट वर जाते, भक्तनिवासात खोली मिळते, आणि शेजारतीपर्यंत वाटेवर बायामाणसांची ये-जा असते. देवळाच्या गावाला संध्याकाळ असते, हा त्याचा मोठा गुण.

आता थोडे खर्चाचे. राज्य सरकारने १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत स्त्रियांना निम्मे भाडे लागू केले. म्हणजे राज्याच्या हद्दीत दोघींचे मिळून एकच तिकीट पडते. उलट रेल्वेने अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना पूर्वी मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत मार्च २०२० मध्ये जी थांबवली, ती अद्याप परत आलेली नाही. मात्र लांब पल्ल्याच्या गाड्यांत शयनयान वर्गात सहा शय्या स्त्रियांसाठी राखीव असतात. एकटीने वा स्त्रियांच्याच समूहाने जाणाऱ्यांनी तिकीट काढताना हा कोटा आवर्जून मागावा. ज्यांना अंगावर शाल घ्यावी लागेल अशीच थंडी हवी, त्यांनी सचखंड एक्स्प्रेसने अंबाला गाठावे, रात्र कालक्यास काढावी आणि १९०३ साली सुरू झालेल्या डोंगरी रेल्वेने दिवसाउजेडी सिमल्यास जावे. सुमारे २२०० मीटर उंचीवरच्या त्या नगरीतही मॉल रस्ता सामान्य वाहनांना बंद आहे आणि रात्री तो पायी हिंडणाऱ्यांनी फुललेला असतो; माथेरानचेच तत्त्व तेथे मोठ्या पटावर मांडलेले दिसते.

आमच्या आळीतील जोडीने माथेरान ठरविले. नळाला पाणी येऊन टाक्या भरल्या की त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मुंबईच्या गाडीने निघावयाचे, कल्याणला उतरून कर्जतची लोकल धरावयाची आणि उजेडातच मुक्काम गाठावयाचा, असा त्यांचा कार्यक्रम आहे. त्यांचे ठरले, परंतु एक गोष्ट सरकारदरबारी मांडल्यावाचून हा लेख पुरा होत नाही. २०२३ साली राज्याने "आई" या नावाने स्त्रीकेंद्रित पर्यटनधोरण जाहीर केले आणि या व्यवसायात उतरणाऱ्या स्त्रियांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देऊ केला. धोरण स्तुत्य आहे. परंतु ते कागदावरून डोंगरावर चढवावयाचे असेल, तर म्हैसमाळसारख्या घरच्या डोंगराला आधी चार साध्या गोष्टी हव्यात : संध्याकाळी उशिरा परतणारी एसटी, मुक्कामाच्या जागेपासून देवळापर्यंत दिवे, स्वच्छ आणि उघडी असलेली स्वच्छतागृहे, आणि रात्री नऊपर्यंत चालणारी दोन-चार बायकांची खाणावळ. एवढे झाले तर शहरातल्या दोघींना पुढच्या वैशाखात दीड अंशासाठी नेरळची वाट धरावी लागणार नाही, कारण तीन अंश त्यांच्या दारात आहेत. आणि एवढे होईपर्यंत म्हैसमाळच्या जाहिरातीत त्याच्या उंचीशेजारी एक ओळ प्रामाणिकपणे छापावी, की हे थंड हवेचे ठिकाण स्त्रियांसाठी सूर्यास्तापर्यंतच थंड आहे.

— मुकुंदवाडीकर