पत्राच्या जागी पोस्टर

माझ्या खालाच्या मुलीला डोळ्यांनी फारच कमी दिसते. मोबाइल तिला वाचून दाखवतो. त्याच्या जोरावर ती बी.ए. झाली. मागच्या वर्षी तिने एका संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. मुलाखतीचे पत्र ईमेलने येणार होते, ते आलेही. तिने उघडले तेव्हा फोनने वाचले: संस्थेचे नाव, मग "चित्र", आणि शेवटी "यादीतून नाव काढण्यासाठी येथे दाबा". तिला वाटले, जाहिरात असेल. तारीख, वेळ, सोबत आणायची कागदपत्रे, सगळे त्या चित्रात होते. तिच्या भावाने ते पाहिले तोवर मुलाखत होऊन चार दिवस झाले होते.

"भाईजान, तुम्ही हेच काम करता ना?" तिने फोनवर विचारले. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. मला मात्र ते लागले. कारण मी हेच काम करतो, आणि अशी "चित्रे" मी स्वतः पाठवलेली आहेत. एकदा नव्हे, पंचवीस-तीस वेळा तरी. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते बाहेर उभे राहून लिहीत नाही.

पद्धत अशी आहे. डिझायनर एक देखणे पोस्टर बनवतो. साहेबांना ते आवडते. मग त्या पोस्टरची एक जेपीजी फाइल मेलमध्ये डकवली जाते आणि दहा हजार लोकांना रवाना होते. विचारले तर उत्तर ठरलेले: "आउटलुकमध्ये डिझाइन फाटते हो."

हे उत्तर अर्धे खरे आहे, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. आउटलुक २००३ पर्यंत मायक्रोसॉफ्ट मेल दाखवण्यासाठी इंटरनेट एक्सप्लोररचे इंजिन वापरत असे. २००७ च्या आवृत्तीपासून त्यांनी ते काम वर्डकडे दिले. होय, पत्रे टाइप करायच्या वर्डकडे! त्याला फ्लेक्सबॉक्स कळत नाही, गोलाकार कोपरे कळत नाहीत, मॅक्स-विड्थ कळत नाही. २००९ मध्ये जगभरच्या हजारो लोकांनी ट्विटरवर मोहीम चालवली, तरी कंपनीने वर्ड सोडले नाही. नवा आउटलुक आता वेबच्या इंजिनवर चालतो, पण कचेऱ्यांमधल्या संगणकांवर जुनाच भरपूर आहे. मायक्रोसॉफ्टला यासाठी बोल लावा, मीही लावतो.

पण आउटलुकवर रागावून पत्राचे पोस्टर करणे म्हणजे रस्त्यात खड्डा आहे म्हणून प्रवाशालाच घरी बसवणे. त्यातही गंमत पाहा. ज्या आउटलुकच्या नावाने हे चालते, तो बाहेरून येणारी चित्रे मुळातच अडवून ठेवतो. म्हणजे तिथे माणसाला दिसते एक पांढरी चौकट. आणि मोबाइलवर? ६०० पिक्सेलचे पोस्टर ३६० पिक्सेलच्या पडद्यावर आक्रसते, तेव्हा त्यातली १४ पिक्सेलची अक्षरे साडेआठलाही पोहोचत नाहीत. ती चांगल्या डोळ्यांनाही वाचता येणार नाहीत.

यावर उपाय आहे, आणि तो गुपित नाही. टेबल वापरा. हे म्हटले की नव्या पोरांच्या कपाळावर आठी पडते: "सर, टेबल? ते तर आमच्या जन्माआधीचे!" असेल. वर्डला टेबल कळते, म्हणून मेलचा सांगाडा टेबलाचा. मोकळी जागा हवी तर ती टीडीला पॅडिंग देऊन. रंग आणि अक्षरांचा आकार त्या त्या टॅगमध्येच लिहायचा, कारण जीमेलने २०१६ पासून मीडिया क्वेरी स्वीकारल्या असल्या तरी त्याच जीमेलच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले, की वरचा सगळा स्टाइलचा भाग गळून पडतो. म्हणून मी दोन स्तंभ इनलाइन-ब्लॉकने शेजारी ठेवतो. पडदा अरुंद झाला की ते आपोआप एकाखाली एक येतात, कुणाला काही विचारावे लागत नाही. वर्डसाठी तेवढे कंडिशनल कॉमेंटमध्ये वेगळे टेबल. दृष्टिहीनांचे वाचनयंत्र "ओळ एक, स्तंभ दोन" म्हणत बसू नये म्हणून त्या टेबलांना प्रेझेंटेशन हा रोल द्यायचा. एवढेच. यात चमत्कार नाही, थोडा कंटाळा आहे.

मराठीचे दुखणे मात्र वेगळे आहे, आणि परदेशी धड्यांमध्ये ते सापडत नाही. जीमेल १०२ केबीच्या पुढचा मेल कापतो आणि खाली "पूर्ण पाहा" अशी दोरी लटकवतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या "म"ला तीन. काही जुनी सॉफ्टवेअर त्याच "म"ची आकड्यांची खूण करून ठेवतात, तेव्हा सात. म्हणजे इंग्रजी पत्र जिथे आरामात मावते तिथे मराठी पत्राचे शेपूट तुटते. दुसरे, ओळींमधले अंतर. इंग्रजी साच्यातले आकडे तसेच ठेवले तर आउटलुकमध्ये वेलांटीचे आणि रफाराचे डोके उडते. तिसरे, शीर्षक "उठावदार" करण्यासाठी अक्षरांमध्ये अंतर घालणे. रोमन लिपीत ते शोभते. देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. हे पाहून कुणीतरी म्हणते, "मराठी मेलमध्ये नीट येत नाही, चित्रच टाका." दोष साच्याचा, आणि हद्दपार होते भाषा.

"पण आमचा ब्रँडचा फाँट!" हा शेवटचा किल्ला. वेबवरचा फाँट जीमेल घेतच नाही. विंडोजवर निर्मला आहे, अँड्रॉइडवर नोटो, अ‍ॅपलवर कोहिनूर. तिन्ही सुवाच्य आहेत. मुलाखतीला बोलावलेल्या मुलीला तारीख कोणत्या फाँटात आली याने काय फरक पडतो? वेळेचे म्हणाल, तर साचा एकदा नीट करायला मला दोन दिवस लागतात. त्यानंतर तोच वर्षभर चालतो. पोस्टर दर वेळी नवे करावे लागते. म्हणजे हिशेबही पोस्टरच्या बाजूने नाही.

मी आता एकच अट घालतो. चित्रे ठेवा, लोगो ठेवा, पण चित्रे बंद केल्यावर पत्र वाचता आले पाहिजे. नाव, तारीख, पत्ता, फोन अक्षरांत. शिवाय सोबत साध्या मजकुराची प्रत. दोन ग्राहक यावरून गेले. एक परत आला.

आणि कोणताही साचा बाहेर पडण्याआधी खालाच्या मुलीकडे जातो. पहिल्यांदा फुकट करत होती, आता पैसे घेते, आणि घ्यायलाच हवेत. परवा मी दोन परिच्छेदांमध्ये बारीक रेषेचे चित्र टाकले होते आणि त्याचा ऑल्ट रिकामा ठेवायला विसरलो. तिचा फोन आला: "भाईजान, दर परिच्छेदानंतर हा कसले तरी इंग्रजी आकडे बडबडतोय. हे पत्रात आहे का?" रेषा काढून टाकली. टीडीला खालची किनार दिली, काम झाले.