एनडीएची खरी चाळणी कुठे लागते?

खडकवासल्याच्या एनडीएचा विषय निघाला की एक हिशेब हमखास ऐकू येतो: अर्ज लाखोंनी, जागा चारशे. क्लासवाले तो जाहिरातीत ठळक छापतात. घरचे ‘बघ बाबा, झेपेल का’ म्हणताना तोच ऐकवतात. आकडा खोटा नाही. पण त्यावरून आपला चान्स किती, हे मात्र अजिबात कळत नाही.

उदाहरण म्हणून १४ नोव्हेंबर २०२१ ला झालेली परीक्षा घेऊ. अर्ज आले ५,७५,८५६ आणि जागा होत्या ४००. म्हणजे एका जागेमागे साधारण १,४४० जण. ऐकूनच धडकी भरते! पण हे १,४४० जण एकाच वेळी, एकाच रांगेत उभे नसतात. अर्ज भरलेला प्रत्येक जण परीक्षेला बसतो असं नाही आणि बसलेला प्रत्येक जण अभ्यास करून येतो असंही नाही. त्यामुळे चाळणी टप्प्याटप्प्यानेच बघायला हवी.

लेखी परीक्षा

गणित ३०० मार्कांचं, जनरल अ‍ॅबिलिटी ६०० मार्कांची, एकूण ९००. त्या परीक्षेत लेखीचा कटऑफ होता ३५५, म्हणजे चाळीस टक्क्यांच्याही किंचित खाली. बारावीला नव्वद टक्क्यांची सवय असलेल्यांना हे सोपं वाटेल. पण चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापले जातात, त्यामुळे ठोकून दिलेली उत्तरं महागात पडतात. या टप्प्यातून सुमारे ८,००० जण पुढे गेले. पावणेसहा लाखांचा आकडा इथेच संपला. आता एका जागेमागे उरले वीस जण.

एसएसबीचे पाच दिवस

खरी गाळणी इथे होते. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग, त्यात अनेकांना घरची वाट धरावी लागते. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरचे ग्रुप टास्क, मुलाखत आणि शेवटी कॉन्फरन्स. एका चाचणीत ६० शब्द दाखवतात, प्रत्येकाला १५ सेकंद. दुसरीत ६० प्रसंग, वेळ अर्धा तास. विचार करून छान-छान लिहायला सवडच मिळत नाही. एसएसबीलाही ९०० मार्क असतात, लेखीइतकेच.

त्या वर्षी हे सगळं पार करून अंतिम यादीत आले साडेचारशेहून थोडे जास्त. लेखी पास झालेल्या शंभरांतले जेमतेम सहा! आता ही यादी आणि जागा शेजारी ठेवून बघा. साडेचारशेची यादी, चारशे जागा. मेडिकलचा निकाल यादीत धरलेला नसतो, तिथेही काही जण गळतात. म्हणजे एसएसबी पार केलेल्यांमध्ये जागांसाठी फारशी मारामारी उरतच नाही.

एसएसबीत ‘या गटातून इतकेच घ्यायचे’ असा कोटा नसतो. एखाद्या बॅचमधून चार-पाच जण रेकमेंड होतात, एखादीतून एकही नाही. तुमच्या शेजारी बसलेला पोरगा तुमची जागा खात नाही. बोर्ड तुम्हाला एका ठरलेल्या मापाने मोजतं, आणि बहुतेक जण त्या मापात बसत नाहीत. हे रँकच्या शर्यतीपेक्षा वेगळं आहे. जेईईच्या चष्म्यातून एनडीएकडे बघितलं की गडबड होते ती इथेच.

मुलींचं गणित वेगळं

हा हिशेब मुलींना मात्र लागू होत नाही. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि मुलींना पहिल्यांदा एनडीएची परीक्षा देता आली, ती हीच. तयारीला तीन महिनेही मिळाले नाहीत, तरी १,७७,६५४ मुलींनी अर्ज भरले आणि १,००२ लेखी पास झाल्या. त्यांच्यासाठी जागा किती? १९.

लेखीनंतर मुलांच्या एका जागेमागे १८ जण होते, मुलींच्या एका जागेमागे ५३ जणी. म्हणजे मुलांना अडवते ती एसएसबी, मुलींना एसएसबीनंतर जागांची भिंतही लागते. गुणवत्तेचं माप सगळ्यांना एकच असेल, तर दार इतकं अरुंद का, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्या पहिल्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ ला खडकवासल्यातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. प्रशिक्षण झेपेल का, या शंकेचं उत्तर त्यांनी दिलंय. जागांचं उत्तर सरकारने द्यायचंय.

मग करायचं काय?

लेखीची तयारी हवीच. पण वर्षभर फक्त गणिताचे पेपर सोडवले आणि एसएसबीचा विचार कॉल लेटर आल्यावर सुरू केला, तर सगळ्यात मोठ्या चाळणीसमोर आपण कोरेच उभे राहतो. रोजचं वाचन, चारचौघांत बोलायची सवय, मैदानावरचा खेळ, एखाद्या कामाची जबाबदारी अंगावर घेणं हे पंधरा दिवसांच्या क्रॅश कोर्समध्ये येत नाही. महाराष्ट्रात दहावीनंतर ही तयारी करून घेणारी सरकारी संस्था आहे: मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची एसपीआय, आणि आता मुलींसाठी नाशिकला.

आपल्यापैकी अनेकांचं एनडीएचं वय निघून गेलंय, हेही खरं. पण पदवीनंतरच्या सीडीएसलाही शेवटी हीच एसएसबी असते. तेव्हा १,४४० चा आकडा ऐकून फॉर्म बाजूला ठेवू नका. आधी तुमची चाळणी कुठली, ते ओळखा.