फिलिपिन्स : नागरिक जेव्हा चाहता होतो

आशिया खंडातील सर्वाधिक कॅथॉलिकांचा देश म्हणून फिलिपिन्सविषयी आपणा सर्वांना आपुलकी वाटते. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील दर पाच जणांपैकी जवळजवळ चार जण कॅथॉलिक आहेत. एकाच वेदीभोवती जमणारे हे श्रद्धावंत फेसबुकवर मात्र एकमेकांचे वैरी का झाले, याचा विचार होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कलावंतावर जीव ओवाळून टाकण्याची तेथील रीत जुनीच आहे. १९७० च्या दशकात नोरा ऑनोर आणि विल्मा सान्तोस या अभिनेत्रींच्या चाहत्यांचे दोन तट होते. १९९८ साली चित्रपट अभिनेते जोसेफ एस्त्रादा राष्ट्राध्यक्ष झाले. समाजमाध्यमांनी या प्रेमाला शिस्त लावली. २४ ऑक्टोबर २०१५ रोजी 'ईट बुलागा' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील आल्डन रिचर्ड्स व मेन मेंडोझा या जोडीसाठी चाहत्यांनी ट्विटरवर सुमारे ४ कोटी संदेश धाडून जागतिक विक्रम केला. ठरलेल्या वेळी ठरलेले शब्द सर्वांनी मिळून पसरवायचे, इतकेच त्यांचे तंत्र होते. त्यात कोणाचे वाईट नव्हते.

मे २०१६ मध्ये रोद्रिगो दुतेर्ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा हेच तंत्र राजकारणात दिसले. 'डीडीएस' म्हणविणाऱ्या त्यांच्या कट्टर समर्थकांत नृत्य-गायनाच्या कार्यक्रमांतून पुढे आलेल्या मोका उसोन अग्रभागी होत्या. २०१७ साली त्यांना सरकारी प्रसिद्धी विभागात पद मिळाले. अनेकांच्या मोबाइलवर फेसबुक विनामूल्य उघडे, परंतु मूळ बातमी वाचण्यास पैसे पडत. साहजिकच मथळा हीच बातमी ठरली. शिवाय सारेच प्रेम उत्स्फूर्त नव्हते. दुतेर्ते यांचा २०१६ चा समाजमाध्यम प्रचार सांभाळणाऱ्या व्यक्तीशी निगडित सुमारे २०० पाने, गट व खाती फेसबुकने मार्च २०१९ मध्ये बंद केली.

याची किंमत कोणी मोजली? अमली पदार्थविरोधी मोहिमेत, अधिकृत आकड्यांनुसारही, ६,००० हून अधिक माणसे पोलिसी कारवायांत मारली गेली. त्यांत गोरगरीबच अधिक होते. कालोओकानचे बिशप पाब्लो विर्जिलिओ डेव्हिड मृतांच्या कुटुंबीयांच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. २०१९ साली त्यांच्यावर राजद्रोहाची तक्रारही झाली. पुढील वर्षी ती निकालात निघाली. नेत्याला प्रश्न विचारणारा मेंढपाळही चाहत्याच्या लेखी शत्रूच असतो.

दोष एकाच तटाचा आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०२२ च्या निवडणुकीत लेनी रॉब्रेडो यांच्यासाठी कोरियन संगीताच्या चाहत्यांचे गट कामाला लागले. अनेक धर्मगुरूंनीही त्यांना उघड पाठिंबा दिला. इतिहासाचा विपर्यास करू नका, असे आवाहन बिशप परिषदेने २५ फेब्रुवारी २०२२ च्या पत्रात केले. तरीही फर्डिनंड मार्कोस धाकटे ३ कोटींहून अधिक मते मिळवून विजयी झाले. कारणे अनेक होती. १९८६ साली कार्डिनल जेमी सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून हाक दिली, तेव्हा लोक जपमाळा घेऊन रस्त्यावर उतरले होते. २०२२ साली ख्रिस्तसभेचा शब्द पुष्कळांना दुसऱ्या तटाची घोषणा वाटला. या बदलाने आम्ही धर्मगुरूंनीही अंतर्मुख व्हावे.

मार्च २०२५ मध्ये दुतेर्ते यांना हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांच्या समर्थकांनी त्यांच्यासाठी प्रार्थनासभा भरविल्या. मृतांच्या मातांनीही न्यायासाठी त्याच देवाला हाक मारली. प्रेम करणे हा दोष नव्हे. परंतु शेजाऱ्याचे अश्रू पाहू न देणारे प्रेम ख्रिस्ती प्रेम म्हणता येईल काय? हाताशी आलेला संदेश पुढे धाडण्यापूर्वी आपणही हा प्रश्न स्वतःला विचारावा, एवढीच आमची विनंती.