आधी विचारतात ते मावशींना

अवयवदानाबद्दल रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना काय वाटते, याच्या पाहण्या देशविदेशांत पुष्कळ होतात. वय, लिंग, धर्म, शिक्षण, हुद्दा असे रकाने आखायचे आणि उत्तरे त्यांत बसवायची. वयाचा आणि लिंगाचा परिणाम कुठे दिसतो, कुठे दिसत नाही. शिक्षण आणि हुद्द्याचा मात्र बऱ्याचदा दिसतो. डॉक्टर अनुकूल, परिचारिका थोड्या कमी, वॉर्डबॉय आणि मावशी त्याहून कमी. मग ‘खालच्या वर्गात गैरसमज फार’ असा निष्कर्ष निघतो. तो मला पटत नाही.

मावशींना काय दिसते ते पाहा. कृत्रिम श्वसनयंत्रावर रुग्ण आहे, छाती वरखाली होते आहे, मॉनिटरवर हृदयाचे ठोके आहेत. अंग पुसताना हाताला ऊब लागते, लघवीची पिशवी भरते. आणि कुणीतरी म्हणते, हा माणूस गेला. त्यांना शंका आली तर त्यात अंधश्रद्धा कसली? मेंदूस्तंभ एकदा कायमचा बंद पडला की माणूस स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही; यंत्राच्या आधाराने हृदय काही काळ चालते, एवढेच. कोमातला रुग्ण वेगळा, तो जिवंत असतो. १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला एकही डॉक्टर त्यात नसतो. हे सारे मावशींना कधी कुणी नीट सांगितले आहे का?

ठाणे-कल्याण पट्ट्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. इथल्या अतिदक्षता विभागाबाहेर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची माणसे असतात, मुंब्रा-भिवंडीतली कुटुंबे असतात, उल्हासनगरचे सिंधी असतात. समुपदेशक संमतीचे बोलून गेला की नातेवाईक आपल्या भाषेतले, आपल्यासारखे दिसणारे माणूस शोधतात आणि हळूच विचारतात, ‘मावशी, खरंच काही उरलं नाही का हो?’ त्या क्षणी मावशी गप्प राहिल्या, तरी नातेवाइकांना उत्तर मिळते. दात्याने कार्ड भरलेले असले तरी शेवटी संमती कुटुंबाचीच लागते.

डोंबिवलीत दधीचि देहदान मंडळामुळे देहदानाचा विचार घरोघरी पोचला. पण देहदान आणि अवयवदान यांची गल्लत अजून होते, पांढऱ्या कोटातही. देहदान हृदय थांबल्यानंतर, शरीरशास्त्र विभागासाठी. नेत्रदानही तेव्हाच, साधारण सहा तासांच्या आत. हृदय, यकृत यांसाठी मात्र मेंदूमृत्यू रुग्णालयातच, यंत्रावर असताना निश्चित व्हावा लागतो.

लिंगाच्या रकान्याबद्दल एक सांगायलाच हवे. आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देणाऱ्यांत बायका अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. ‘तुम्ही अवयव द्याल का?’ असा मोघम प्रश्न विचारला, तर एखाद्या परिचारिकेला नवऱ्यासाठी, दिरासाठी, मुलासाठी टेबलावर जाणारी बाईच आठवेल. तिच्या ‘नाही’चा मरणोत्तर दानाशी संबंध असेलच असे नाही. पाहणीत मात्र तो विरोध म्हणून मोजला जातो.

स्पेनने १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभारली आणि समन्वयाचे काम रुग्णालयातल्याच, बहुधा अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांकडे दिले. अवयवदानात तो देश वर्षानुवर्षे आघाडीवर आहे. तिथल्या लोकांचा धर्म किंवा वय १९८९ मध्ये बदलले नव्हते.

आपला जिल्हा मुंबईच्या झेडटीसीसीच्या कक्षेत येतो. दरवर्षी ३ ऑगस्टला अवयवदान दिन होतो, सभागृहात शपथ होते, छायाचित्रे निघतात. त्या दिवशी रात्रपाळीच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना अतिदक्षता विभागातच अर्धा तास द्यावा. मॉनिटरसमोर उभे राहून, त्यांच्या भाषेत, त्यांचे प्रश्न संपेपर्यंत.