घरातील ध्वनिवर्धक आणि डॉक्टरांचे कान

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे स्वातंत्र्य दिले, ही त्यांची चूक ठरू नये अशी आशा आहे. दरवर्षी आपण मधुमेह, रक्तदाब आणि व्यवसायातील ढासळती नीतिमूल्ये यांवर लिहितो व वाचतो. यंदा मी दिवाणखान्यातील एका पेटीविषयी लिहिणार आहे. तिचे नाव इंटिग्रेटेड स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर. निमित्त असे की सौंसर, पांढुर्णा आणि जामसांवली परिसरातील आपल्या अनेक सहकाऱ्यांनी अलीकडे नवे बंगले बांधले, आणि मला गाण्याचा नाद आहे हे ठाऊक असल्याने प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, ‘‘डॉक्टरसाहेब, किती वॉटचा घेऊ?’’ हा प्रश्नच चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि ते मांडण्यासाठी हा लेख.

ध्वनिवर्धक हा आपला मराठी शब्दच थोडा फसवा आहे. त्यात वाढवणे तेवढे दिसते. वाढवताना काही मिसळू न देणे, हे खरे कठीण काम त्यात दिसत नाही. वैद्यकीय वाचकाला हे समजावयास वेळ लागू नये, कारण आपण सर्वच रोज एक अ‍ॅम्प्लिफायर वापरतो. इ.सी.जी. यंत्र हृदयाचा जेमतेम एक मिलिव्होल्टचा संकेत घेते आणि कागदावर त्याची दहा मिलिमीटर उंची दाखवते. तबकडीवरून फिरणाऱ्या सुईतून निघणारा संकेतही याच जातीचा असतो. साध्या मूव्हिंग मॅग्नेट काडतुसातून सुमारे पाच मिलिव्होल्ट, तर मूव्हिंग कॉइल प्रकारातून अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास. आठ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट द्यायचे तर तेथे २० व्होल्ट लागतात. या दोन टोकांमधला सारा प्रवास एकाच डब्यात घडतो. त्यात आधी नाजूक संकेत सांभाळणारा प्रीअ‍ॅम्प्लिफायर असतो आणि नंतर स्पीकर हलवणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. दोन्ही एकत्र, म्हणून ‘इंटिग्रेटेड’. इ.सी.जी.ची आधाररेषा थरथरत असेल तर आपण निदान करीत नाही, अर्थिंग तपासतो. मग घरात भैरवीच्या पाठीमागे ५० हर्ट्‌झची गुणगुण चालू असताना आपण ती निमूटपणे का ऐकून घेतो?

वॉटविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगितला पाहिजे. प्रॅक्टिस स्थिरावल्यावर, नव्वदच्या दशकात, नागपूरच्या बाजारातून मी एक भला मोठा संच आणला. त्यावर ‘१००० वॉट पी.एम.पी.ओ.’ असे सोनेरी अक्षरांत लिहिले होते आणि पुढच्या बाजूस रंगीत दिवे नाचत असत. पी.एम.पी.ओ. हा आकडा कोणत्याही सर्वमान्य मापनपद्धतीला बांधलेला नव्हता, हे मला फार उशिरा समजले. सलग देता येणारी, म्हणजे व्यवहारात ज्याला आर.एम.एस. म्हणतात ती शक्ती त्याच्या अगदी थोड्या अंशाइतकी असे. लग्नकार्यात त्या संचाचे कौतुक झाले. मात्र त्यावर लावलेला तानपुरा मधमाशांच्या पोळ्यासारखा वाजे, आणि मी वर्षानुवर्षे समजत होतो की कॅसेटच खराब आहे.

वस्तुस्थिती अशी की सर्वसाधारण स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. माणसांचे संभाषण ६० डेसिबलच्या घरात असते. म्हणजे रात्री जेवणानंतर निवांत गाणे ऐकताना बहुतेक वेळ एक वॉटसुद्धा खर्च होत नाही. तबल्याची थाप किंवा पंचमावरची उसळी आली की क्षणभर दहापट, वीसपट शक्ती लागते, आणि ती न अडखळता द्यावी एवढ्यासाठीच ४०-५० वॉटची शिल्लक हवी. पन्नासऐवजी शंभर वॉटचा घेतला तर मिळतात फक्त तीन डेसिबल. किंमत मात्र तेवढ्याने थांबत नाही. १९७८ साली आलेला नॅड कंपनीचा ३०२० हा अ‍ॅम्प्लिफायर कागदावर अवघा २० वॉटचा होता, दिसायलाही यथातथाच, तरीही जगभरच्या रसिकांनी तो डोक्यावर घेतला.

माझ्या मते अ‍ॅम्प्लिफायरची खरी परीक्षा हळू आवाजात होते. मोठ्या आवाजात दोष लपतात. हळू आवाजात ते उघडे पडतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज कमी होत गेला की मानवी कानाला खर्जाचे स्वर अधिकच कमी ऐकू येतात. स्टेथोस्कोपची घंटी छातीवर अलगद ठेवून तिसरा हृदयध्वनी शोधताना आपण याच मर्यादेशी झगडत असतो. अनेक अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असते ते यासाठीच, आणि आपल्याकडे ते नेमके आवाज मोठा असताना दाबले जाते!

कुमार गंधर्वांचे उदाहरण घ्या. क्षयाने ग्रासलेले कुमारजी १९४८ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातील देवासला हवापालटासाठी आले, कित्येक वर्षे गाऊ शकले नाहीत, आणि स्ट्रेप्टोमायसिनने बरे झाले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. त्यांच्या गायकीतील छोट्या स्वरवाक्यांचा संबंध अनेकांनी या आजाराशी जोडला आहे. ते मत मान्य असो वा नसो, दोन वाक्यांमधला तो श्वास ऐकू आला पाहिजे. मी स्वतः तो पहिल्यांदा एका मित्राकडे, ४० वॉटच्या एका साध्या काळ्या डब्यावर ऐकला. माझ्याकडे तेच ध्वनिमुद्रण दहा वर्षे होते.

आता थोडे अप्रिय. गेल्या काही वर्षांत माझ्या बाह्यरुग्ण विभागात वीस-बावीस वर्षांची मुले कानात शिट्टी वाजते म्हणून येऊ लागली आहेत. त्यांतला एक मिरवणुकीच्या गाडीवर ध्वनियंत्रणा सांभाळणारा होता. नागपूरहून काढून आणलेल्या त्याच्या ऑडिओग्राममध्ये ४००० हर्ट्‌झला तो ओळखीचा खड्डा होता. ८५ डेसिबल आठ तास, ८८ चार तास, आणि १०० डेसिबल अवघी पंधरा मिनिटे, ही व्यावसायिक आरोग्यशास्त्राने घातलेली मर्यादा आपण जाणतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हा २००० सालच्या नियमांचा दंडक आहे, हेही जाणतो. आणि तरीही आपल्याच घरच्या लग्नात आपणच तो भोंगा ठरवतो. त्या मुलाला मी कोणत्या तोंडाने उपदेश करावा? मोठा आवाज म्हणजे मोठेपणा, हे समीकरण गावात प्रतिष्ठित करण्यात आपलाही हात आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. हळू आवाजात सुंदर वाजणारा एक संच डॉक्टरच्या घरी असणे आणि चार शेजाऱ्यांनी तो ऐकणे, याला म्हणूनच मी चैन समजत नाही.

माझ्या स्वतःच्या ऑडिओग्राममध्येही आठ हजारांच्या पुढे आता फारसे काही उरलेले नाही. तेव्हा साठीच्या सहकाऱ्यांनी ‘वीस हजार हर्ट्‌झपर्यंत’ या जाहिरातीवर अधिक पैसे मोजू नयेत. त्या पैशात विद्युत जोडणीचे अर्थिंग नीट करून घ्यावे, आपल्याकडचा दाब वरखाली होतो म्हणून चांगला स्टॅबिलायझर घ्यावा, आणि फरशी-काचांच्या नव्या दिवाणखान्यात एक जाड सतरंजी व पडदे घालावेत. दुकानात जाताना स्वतःच्या आवडीचे, शंभरदा ऐकलेले ध्वनिमुद्रण सोबत न्यावे, आवाज संभाषणाइतका ठेवण्यास सांगावे, आणि विक्रेता बटणाकडे हात नेईल तेव्हा त्याला थांबवावे.

कोणाला प्रत्यक्ष ऐकून ठरवायचे असेल तर माझ्या घरी यावे. शनिवारी जामसांवलीच्या दर्शनाची गर्दी असते आणि माझी ओपीडी उशिरा संपते, म्हणून रविवारी संध्याकाळी. खुर्च्या आठच आहेत, तेव्हा आधी कळवावे. मोबाइल बाहेरच्या टेबलावर ठेवावे लागतील. चहा मध्यंतरात मिळेल. तानपुरा लागत असताना कपबशीचा आवाज सौभाग्यवतींनाही खपत नाही.